मागचा दिवा



पुलाउ उबीनच्या सहलीवर काहीतरी लिहा, असे बाईंनी सांगितले तेव्हा मी जरा गोंधळलेच. सहलीचे वर्णन तुम्ही मुलांनी मागच्या अंकात इतके छान केले आहे की त्यात भर घालायला काही उरले नाही. कोणी धनेश पक्ष्यावर लिहिले, कोणी रानडुकराच्या पिल्लांवर, कोणी चेक जावाच्या चिखलातल्या खेकड्यांवर. एकाने तर नुसत्या नारळपाण्यावर दीड पान लिहिले! म्हणून मी अशा एका गोष्टीवर लिहिणार आहे, जी त्या सहलीत असायला हवी होती आणि नव्हती. ती म्हणजे सायकलचा मागचा लाल दिवा.

ज्यांना सहलीला येता आले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. उबीन हे सिंगापूरच्या ईशान्येला असलेले साधारण १० चौरस किलोमीटरचे बेट. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून तिथे बमबोट जाते. १२ माणसे जमली की सुटते. पूर्वी तिथे ग्रॅनाइटच्या मोठ्या खाणी होत्या. त्यांत आता पाणी साचून तळी झाली आहेत. मुख्य सिंगापूरच्या वीजवाहिन्या या बेटाला जोडलेल्या नाहीत. लोक वर्षानुवर्षे डिझेलच्या जनरेटरवर राहिले आणि २०१३ मध्ये धक्क्याजवळच्या वस्तीसाठी सौरऊर्जेची एक छोटी योजना सुरू झाली. धक्क्याजवळची दुकाने मागे पडली की पुढे नुसते रस्ते आणि झाडी. आपण ज्या शहरात राहतो तिथे रात्रीसुद्धा पुस्तक वाचता येईल इतका उजेड असतो. खरा काळोख कसा असतो हे आपल्या मुलांना दाखवायचे असेल तर उबीनलाच न्यावे.

आता त्या संध्याकाळची गोष्ट. चेक जावाहून परत निघायला आम्हाला उशीर झाला. धाकट्याच्या सायकलची साखळी पडली, ती बसवण्यात पंधरा मिनिटे गेली. आभाळ भरून आले होते. आपल्याकडे संध्याकाळ कशी होते ते तुम्ही पाहिलेच असेल. सांगलीला माझ्या माहेरी सूर्य मावळला तरी बराच वेळ अंगणात उजेड रेंगाळतो. इथे विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश फार थोडा. त्यातून वर ढग आणि दोन्ही बाजूंना दाट झाडे. सात वाजायला अवकाश होता, पण रस्त्यावर काळोख पडला होता.

सगळ्यात पुढे मुलांचे बाबा आणि धाकटा, मध्ये माझी तेरा वर्षांची मुलगी, आणि शेवटी मी. मुलगी माझ्यापुढे फार तर तीस पावलांवर असेल. तिने गडद निळा टी-शर्ट घातला होता. तिची सायकल भाड्याची. मागचा रिफ्लेक्टर दिवसभराच्या चिखलाने पार माखला होता. त्याच्याकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. उतारावर मागून एक व्हॅन आली. मी पिवळा रेनकोट घातला होता, म्हणून ड्रायव्हरने मला लांबून पाहिले, वेग कमी केला आणि मला ओलांडून तो पुढे गेला. पुढे कोणी नाही असे समजून त्याने पुन्हा वेग घेतला असावा, आणि लगेच जोरात ब्रेक दाबल्याचा आवाज आला. खडी उडाली. व्हॅन माझ्या मुलीच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर थांबली.

काही झाले नाही. मुलगी पडलीसुद्धा नाही. पण माझे पाय असे लटपटत होते की सायकल हातातून सुटली. ड्रायव्हर खाली उतरला. बेटावरचेच वयस्कर गृहस्थ होते. ते मुलीला काही बोलले नाहीत, मला बोलले. त्यांचे म्हणणे असे : "तुम्ही मला दिसलात. ही मुलगी दिसलीच नाही. खाली काहीतरी वर-खाली, वर-खाली होताना दिसलं, म्हणून मी ब्रेक मारला."

ते वर-खाली होणारे म्हणजे पॅडलवरच्या पिवळ्या रिफ्लेक्टरच्या चिमुकल्या पट्ट्या. सुपारीच्या खांडाएवढ्या त्या पट्ट्यांनी माझी मुलगी वाचवली.

परतीच्या बोटीत सगळे गाणी म्हणत होते. मी गप्प होते. मला माझ्या वडिलांची, अण्णांची आठवण येत होती.

अण्णा मिरजेला एका छापखान्यात कंपोझिटर होते. आमचे घर सांगलीला. रोज सायकलने जाणे-येणे. दिवाळी अंकांचे किंवा लग्नपत्रिकांचे दिवस असले की परतायला रात्र व्हायची. त्या काळी सायकलला बाटलीसारखा डायनॅमो असे. तो चाकाला टेकवला की चाकाबरोबर फिरून वीज तयार करी. पुढच्या दिव्याला २.४ वॅट आणि मागच्याला ०.६ वॅट, अशी साधारण वाटणी. बरेच लोक मागचा दिवा लावतच नसत, कारण पोलीस पुढचाच दिवा बघत. अण्णांनी मात्र दोन्ही लावले होते आणि दर रविवारी ते फडक्याने काच पुसत.

१९८६ च्या जानेवारीत, उसाचे दिवस होते, अण्णा रात्री नऊच्या सुमारास मिरजेहून निघाले. वाटेत साखळी पडली. ते रस्त्याच्या कडेला उतरले आणि खाली वाकून साखळी बसवू लागले. चाक थांबले, त्याबरोबर डायनॅमो थांबला, आणि इतकी काळजी घेऊन लावलेला मागचा दिवा विझला. मागून येणाऱ्या टेम्पोला ते दिसले नाहीत. मांडीचे हाड मोडले. चार महिने अण्णा खाटेवर होते आणि त्या चार महिन्यांत आमचे घर कसे चालले ते आईलाच ठाऊक. अजूनही अण्णा उजव्या पायाने किंचित लंगडतात. मी तेव्हा आठ वर्षांची होते. दिवा असूनही असे झाले, हे मला तेव्हा कळत नसे. आज कळते : दिवा होता, पण नेमका ज्या क्षणी हवा त्या क्षणी नव्हता.

त्या रात्री घरी आल्यावर मी अण्णांना फोन केला आणि सगळे सांगितले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडच्या उसाच्या बैलगाड्या आठवतात का तुला?"

"आठवतात की, अण्णा."

"त्यांचा कंदील कुठं टांगलेला असायचा?"

मी आठवू लागले. कंदील आखाला टांगलेला असे, मागून हलताना दिसे.

"बैलांना रस्ता पाठ असतो," अण्णा म्हणाले. "त्यांना उजेड नको. कंदील असतो तो मागून येणाऱ्यासाठी. त्याला गाडी ठाऊक नसते." मग जरा थांबून म्हणाले, "ते राहू दे. तू रोज पहाटे कामाला सायकलनं जातेस ना? तुझ्या मागचा दिवा कसा आहे?"

"आहे अण्णा, चांगला आहे," मी म्हटले. सायकलबरोबर मिळालेला, बटणासारख्या सेलवर चालणारा छोटा दिवा होता. फोन ठेवला आणि सहज खाली जाऊन पाहिले. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. दिवा बंद होता. किती दिवस बंद होता? एक आठवडा? दोन महिने? सांगता येत नव्हते, कारण तो माझ्या पाठीमागे असतो आणि मी तो कधी बघतच नाही. लेकीची मला इतकी धास्ती वाटली, आणि मी स्वतः रोज तशीच अंधारात जात होते.

मी पासिर रिसहून लोयांगच्या बाजूला कामाला जाते. सव्वासहाला घर सोडते. सिंगापूरचे घड्याळ १ जानेवारी १९८२ पासून आणखी अर्धा तास पुढे केलेले आहे, म्हणून इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि माझा जवळजवळ सगळा रस्ता अंधारात जातो. थोडा भाग सायकलच्या वाटेवरून, थोडा मोठ्या रस्त्यावरून. त्या रस्त्यावर पहाटे अवजड लॉऱ्या असतात. अंधारात सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावला पाहिजे, हा इथला नियम मला पाठ होता. पाठ असणे आणि पाळणे यांत किती अंतर असते ते त्या रात्री समजले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. तिथे निदान वीस प्रकारचे मागचे दिवे टांगलेले होते. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत ल्यूमेनचा आकडा : २०, ५०, १००, ३००. मुलांनो, ल्यूमेन म्हणजे दिवा सगळ्या दिशांना मिळून किती उजेड देतो त्याचे माप. एक मेणबत्ती साधारण १२ ल्यूमेन उजेड देते. पण तो उजेड कुठे पडतो हे ल्यूमेन सांगत नाही. तोच उजेड भिंगाने एका दिशेला गोळा केला तर दिवा समोरून झगझगीत दिसतो आणि बाजूने दिसतच नाही. दिशेप्रमाणे तेज मोजायचे माप वेगळे, त्याला कँडेला म्हणतात. ते वेष्टणावर फारसे छापत नाहीत. दुकानातल्या अंकलनी सगळ्यात महाग दिवा काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारले, "ब्राइट, ना?" माझ्या डोळ्यांपुढे लाल ठिपके नाचू लागले. मी म्हटले, ब्राइट खरा, पण माझ्या मागून येणाऱ्याला तो कसा दिसेल? अंकल हसले. म्हणाले, तीन घेऊन जा, मागून बघा, दोन परत आणा.

योगायोगाने पुढच्याच महिन्यात, शाळेच्या जूनच्या सुटीत, आपल्या वर्गातल्या दोन कुटुंबांबरोबर आम्ही पुन्हा उबीनला जाणार होतो. या वेळी एक रात्र जेलुतोंगच्या कॅम्पसाइटवर तंबूत राहायला. मी तीन दिवे बरोबर घेतले : एक अगदी स्वस्त, रबराच्या पट्ट्याचा, एक मध्यम, ५० ल्यूमेनचा, चार्ज होणारा, आणि एक तो झगझगीत. रात्री जेवण झाल्यावर मुले, आई-बाबा असे सगळे जवळच्या सरळ रस्त्यावर गेलो. सायकल एका टोकाला उभी केली आणि पावले मोजत लांब लांब जाऊ लागलो.

पहिला निष्कर्ष मला चकित करणारा होता. दोनशे पावलांवरून तिन्ही दिवे छान दिसत होते! स्वस्तातला दिवासुद्धा. धाकटा म्हणाला, "आई, मग महागाचा कशाला?" मलाही तसेच वाटले. पण हा उबीनचा काळोख होता. तिथे काजवासुद्धा मोठा वाटतो.

मग आम्ही सायकल थोडी तिरकी उभी केली, वळणावर असते तशी. झगझगीत दिवा एकदम मंदावला, जवळजवळ नाहीसाच झाला. त्याचे भिंग सगळा उजेड सरळ मागे फेकत होते. मध्यम दिव्याची काच बाजूंनाही उघडी होती, तो तिरका असतानाही दिसत राहिला. अपघात काही नेहमी सरळ रस्त्यावरच होत नाहीत. लॉरी बाजूच्या रस्त्याने येते, वळणावर येते. म्हणजे दिवा बाजूने दिसणेही तितकेच गरजेचे.

तिसऱ्या खेपेला मी झगझगीत दिवा लावून सायकल चालवली आणि मुलगी माझ्या मागे दुसऱ्या सायकलवर. शंभर पावले गेलो नाही तोच ती ओरडली, "आई, बंद कर! मला रस्ता दिसत नाही!" दिवा किंचित वर कललेला होता आणि सरळ तिच्या डोळ्यांत जात होता. म्हणजे ज्याने मला पाहावे म्हणून मी दिवा लावला, त्यालाच मी आंधळे करत होते. दिवा जमिनीला समांतर किंवा अगदी थोडा खाली झुकलेला हवा. ही गोष्ट कोणत्याच वेष्टणावर लिहिलेली नव्हती.

चौथी गोष्ट लुकलुकण्याची. लुकलुकणारा दिवा नजर चटकन वेधून घेतो, यात शंका नाही. पण काळोखात मुलांना विचारले, "सायकल किती लांब आहे?" तर लुकलुकणाऱ्या दिव्याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा आला. कोणी चाळीस पावले म्हणाले, कोणी शंभर. स्थिर दिव्याचा अंदाज बराच जवळ आला. दर वेळी दिवा विझला की डोळ्यांना पुन्हा शोधावे लागते. जर्मनीत सायकलला लुकलुकणारा मागचा दिवा लावायला परवानगी नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून आहे. दोन्ही देशांतले लोक शहाणेच आहेत. मी आपला असा मेळ घातला : अंधारात मुख्य दिवा स्थिर, आणि लुकलुकणारा लहानसा दुसरा.

रात्री तंबूत आडवी झाले तेव्हा मला वाटले, परीक्षा झाली. पण अर्धीच झाली होती. सोमवारी पहाटे मुलांच्या बाबांना मी माझी सायकल घेऊन मोठ्या रस्त्याच्या कडेने पुढे पाठवले आणि स्वतः बसस्टॉपवर उभी राहिले. तिथे डोक्यावर रस्त्याचे दिवे, समोर सिग्नल, बसचे आणि लॉऱ्यांचे लाल दिवे, दुकानाची पाटी. स्वस्त दिवा साठ पावलांतच त्या गर्दीत हरवला. उबीनच्या काळोखात जो राजा होता तो इथे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मध्यम दिवा टिकला. मग लक्षात आले, की शहरात काळोख शत्रू नसून इतर दिव्यांची गर्दी शत्रू आहे. आपण जिथे सायकल चालवतो तिथेच दिवा पारखला पाहिजे.

आणि दिवसाचे काय? डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांना घेऊन एक प्रयोग झाला. काहींच्या सायकलींना चुंबकावर चालणारे, चाक फिरताच रात्रंदिवस लागणारे दिवे बसवले, बाकीच्यांना नाही. ज्यांच्याकडे असे दिवे होते, त्यांच्यात दुसऱ्या कोणाशी टक्कर होऊन इजा होण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी निघाले. म्हणून आता मी परतताना, उजेड असला तरी, दिवा लावते. भर दिवसा दिसायचे तर मात्र तेज बरेच जास्त लागते, आणि तिथे लुकलुकणे उपयोगी पडते. पावसाची सर आली की आपल्याकडे भर दुपारी कसा अंधार होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शेवटी मी तो ५० ल्यूमेनचा दिवा ठेवला. दिवसासाठी त्यात जास्त तेजाने लुकलुकण्याची सोय आहे. तो पावसात भिजला तरी चालतो. पालकांनी हे जरूर पाहावे : वेष्टणावर आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. ४ असेल तर चारी बाजूंनी उडणारे पाणी सोसतो, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकतो. इथल्या पावसाला ४ पेक्षा वरचा बरा. दुसरे म्हणजे सायकल थांबली तरी दिवा लागलेला राहिला पाहिजे. बॅटरीचा दिवा राहतोच. हल्लीच्या चांगल्या डायनॅमोच्या दिव्यांतही थोडी वीज साठवलेली असते, चाक थांबल्यावरही ते काही मिनिटे जळत राहतात. १९८६ साली अण्णांच्या सायकलला ही सोय असती तर! तिसरे, दिवा कुठे बसवता ते पाहा. सीटच्या दांड्यावर लावलेला दिवा लांब सदऱ्याने, रेनकोटने किंवा मागच्या पिशवीने झाकला जातो. माझा तसाच झाकला जाई, म्हणून मी तो मडगार्डच्या वर, पिशवीच्या मागे बसवून घेतला.

आणि उबीनच्या त्या ड्रायव्हर आजोबांची शिकवण विसरले नाही. पायांच्या घोट्यांना मी चमकणाऱ्या पट्ट्या बांधते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला रात्रीच्या रस्त्यावर असे प्रयोग झालेले आहेत. नुसत्या चमकत्या जाकिटापेक्षा घोट्याला आणि गुडघ्याला पट्ट्या असल्या तर चालकांना 'हा सायकलवाला आहे' हे फार लवकर ओळखू येते. वर-खाली होणारे पाय फक्त माणसाचेच असतात, हे डोळ्याला लगेच कळते. लाल दिवा सांगतो, 'इथे काहीतरी आहे.' पट्ट्या सांगतात, 'इथे माणूस आहे.'

मुलांनो, उबीनबद्दल एक गोष्ट मला हे सगळे झाल्यावर कळली. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी, पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर हॉर्सबर्ग दीपस्तंभ आहे. तो १८५१ मध्ये उजळला. त्याआधी त्या खडकावर कितीतरी जहाजे फुटली होती. तो दीपस्तंभ ज्या ग्रॅनाइटने बांधला, तो उबीनच्या खाणीतून काढलेला आहे. म्हणजे ज्या बेटावर रस्त्याला दिवा नाही, त्याच बेटाच्या दगडावर गेली पावणेदोनशे वर्षे एक दिवा उभा आहे. आणि तो दिवा खडकाला स्वतःसाठी नको आहे. खडक कुठे जात नाही. तो येणाऱ्या जहाजांसाठी आहे. अण्णांच्या बैलगाडीच्या कंदिलासारखाच.

आता आमच्या घरी एक नवी रीत आहे. दर शनिवारी आपल्या मराठीच्या वर्गाला निघण्यापूर्वी दिवा चार्जिंगला लावायचा. वर्गाहून आले की काढायचा. शनिवार विसरत नाही, म्हणून दिवाही विसरत नाही. पण चार्ज केलेला दिवा लागला आहे की नाही, हे मला अजूनही दिसत नाही. ते दिसणारच नाही. मागचा दिवा स्वतःचा स्वतःला कधी दिसत नाही. म्हणून ते काम मुलीने घेतले आहे. पहाटे सव्वासहाला, शाळेच्या गणवेशात, अर्धवट झोपेत ती माझ्याबरोबर लिफ्टने खाली येते. मी सायकलवर बसते. ती मागे जाऊन उभी राहते. दिवा बघते, बोटाने काच पुसते, वर कलला असेल तर खाली करते.

आपल्याकडे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून शुभंकरोती म्हणतात, त्या वेळेला दिवेलागण म्हणतात. आमची एक दिवेलागण पहाटे होते, आणि तिचा मंत्र दोनच शब्दांचा आहे.

"लागलाय, आई."

मग मी पॅडल मारते.

तुमच्या घरी कोणी सायकलने कामाला किंवा शाळेला जात असेल, तर उद्या एकदा त्यांच्या मागे जाऊन उभे राहा. वीस पावलांवरून पाहा, मग साठ पावलांवरून. थोडे बाजूला सरकून पाहा. आणि काय दिसले ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा. मी वाट पाहीन.